पुलाबद्दल न बोलणारे भावजी

भाजीत मीठ कमी पडलंय का, एवढंच सासूबाईंनी विचारलं होतं. भावजींनी तोंडातला घास सावकाश संपवला, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "मिठाच्या बाबतीत वेगवेगळी मतं असू शकतात."

"तुझं कुठलं?"

"माझं अजून तयार व्हायचंय."

सासूबाईंनी मिठाची बरणी त्यांच्या पुढ्यात आपटली. "कर तयार. तोवर आम्ही जेवून घेतो."

हे माझे धाकटे दीर. मी त्यांना भावजी म्हणते, इमारतीतले लोक साहेब म्हणतात, आणि माझ्या मुलीने शाळेत असताना ठेवलेलं नाव आहे विचाराधीन काका. ते परराष्ट्र खात्यात नोकरीला आहेत. साहेब म्हटल्यावर गाडी, शिपाई असं काही डोळ्यांसमोर येईल, तर तसं नाही. खात्याचा प्रवक्ता रोज दुपारी वार्ताहरांसमोर उभा राहून एक कागद वाचतो. तो कागद तयार करणं हे भावजींचं काम. ते लिहितात असं म्हणणं चुकीचं ठरेल, ते खोडतात. सकाळी त्यांच्या टेबलावर पानभर मजकूर येतो, दुपारपर्यंत त्याच्या चार-पाच ओळी उरतात, आणि त्या ओळींतून कुणाच्या हाती काही लागू नये, ही त्यांची जबाबदारी. लागलं तर चूक त्यांची. नाही लागलं तर कौतुक कुणाचंच नाही.

अशा माणसाचं लग्न कसं झालं, हे आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. एकदा जेवताना ते सासूबाईंना म्हणाले, "एका व्यक्तीशी माझा संवाद सुरू आहे." सासूबाईंचा हात तिथेच थांबला. कोण, कुठली, काय करते, सगळं विचारून झालं. "या टप्प्यावर तपशील देणं उपयुक्त ठरणार नाही," एवढं बोलून हे गृहस्थ हात धुवायला उठले. आम्हाला सून कळली ती तिने स्वतः दार वाजवून आपली ओळख सांगितली तेव्हा. "मी तुमची होणारी सून. ह्यांनी सांगितलं नसेलच."

ती माझी जाऊ. घरात सगळे तिला धाकटी म्हणतात. पोटात एक ओठात एक असं तिचं नाही. पोटातलं ओठावर यायला तिला शिंक यायला लागतो तितकाही वेळ लागत नाही. शिकायला म्हणून ती आमच्या शहरात आली होती. तिचं माहेर सीमेपलीकडे, त्या दरीत.

दरीविषयी थोडं सांगायला हवं. नदीच्या वरच्या अंगाला एक देश, खालच्या अंगाला दुसरा, आणि मधली दरी आमचीच, असं दोघांचंही म्हणणं. आम्ही घरात त्यांना वरचे आणि खालचे म्हणतो. दरीतून आमच्या बाजूला यायला एकच पूल. त्याचं पलीकडचं टोक वरच्यांच्या सैन्याच्या हातात, अलीकडचं खालच्यांच्या. पूल ओलांडला की आमच्या देशाच्या नाक्यापर्यंत सरळ रस्ता आहे. धाकटीचं लग्न झालं तेव्हा तिची आई त्याच पुलावरून बसने आली होती, आणि आठवडाभर राहून सासूबाईंशी गप्पा मारून गेली होती. पुढे गोळीबार झाला, पूल बंद झाला, आणि तो बंदच राहिला. मायलेकी तेव्हापासून फोनवरच.

दोघांच्या भांडणात आमचा देश मध्यस्थ म्हणून पडला, आणि त्याचं काम आलं भावजींच्या खात्याकडे. झालं. घरातल्या घरात एक दरी तयार झाली. एका बाजूला धाकटी, जिला पुलाखेरीज दुसरं काही विचारायचं नव्हतं. दुसऱ्या बाजूला भावजी, ज्यांना पुलाखेरीज सगळं बोलायची मुभा होती आणि ते तेही बोलत नव्हते.

एकदा मीच त्यांना विचारलं. "भावजी, काही तोडगा असेल तर लोकांना सांगायला काय हरकत आहे? निदान आशा तरी वाटेल."

"वहिनी, आपल्या गच्चीला कुलूप का आहे?"

ते मला ठाऊक होतं. आमच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावरचे आणि तळमजल्यावरचे गच्चीवरून भांडत होते. वरचे म्हणायचे, आमच्या डोक्यावर आहे म्हणजे आमची. तळमजल्यावरचे म्हणायचे, डोक्यावर असली तरी पायाखालची इमारत सगळ्यांची आहे. भावजी दोन्ही घरांत चहा पिऊन आले. प्रस्ताव वगैरे शब्द त्यांनी उच्चारलाच नाही. प्रत्येकाला नुसतं म्हणाले, "समजा, सकाळी एकाने वापरली आणि दुपारनंतर दुसऱ्याने, तर?" दोघंही जवळजवळ तयार झाले होते. तेवढ्यात इमारतीच्या अध्यक्षांना हुरूप आला. त्यांनी जिन्यात फळा लावला: गच्चीचा वाद मिटला, सकाळ अमक्यांची, दुपार तमक्यांची. संध्याकाळपर्यंत दोन्ही घरं एकाच सुरात ओरडत होती, की म्हणजे आम्ही नमलो होय. कुलूप अजून आहे, आणि सगळ्या इमारतीच्या चादरी गॅलरीतून रस्त्यावरच्या लोकांच्या डोक्यावर ठिबकतात.

"तोडगा वाईट नव्हता," भावजी म्हणाले. "पण तो त्यांनी आपापल्या घरी आधी सांगायला हवा होता, आपलाच म्हणून. जिन्यात वाचावा लागला. जिन्यात वाचलेली गोष्ट कुणी मान्य करत नाही."

एवढं सलग बोलल्यावर त्यांना स्वतःचीच भीती वाटली असावी. ते लगेच पेपरात शिरले.

या वर्षी गोष्ट वेगळ्याच वळणावर गेली. धाकटीचा भाऊ समुद्रापलीकडे, फार लांब राहतो. त्याने ठरवलं, की आता आईला एकटी ठेवायची नाही. दरीच्या मागच्या अंगाने, डोंगरातल्या वाटेने तिला वरच्यांच्या विमानतळावर न्यायचं आणि तिथून आपल्याकडे. तिकीट काढून झालं. आईचं वय बघता एकदा गेली की ती परत येणार नाही, आणि तिकडे जाऊन भेटणं आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही. त्यामुळे प्रश्न अगदी साधा होता. पूल उघडायचा असेल तर आईने थांबावं. उघडायचा नसेल तर जावं. याचं उत्तर अख्ख्या घरात एकाच माणसाजवळ होतं.

धाकटीने ते सगळ्यांसमोर विचारलं. "आई मला विचारते, थांबू की जाऊ. मी काय सांगू?"

भावजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "याबाबत माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही."

"मी वार्ताहर नाहीये."

"म्हणून तर जास्त जड जातंय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं खरं वाक्य क्वचित आलं असेल. पण धाकटी तोवर आत निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिने रंगारी बोलावला. आमच्याकडे मागे एक लहान खोली आहे, तिच्यात जुन्या गाद्या आणि मुलांच्या सायकली असत. तिने ती रिकामी केली, रंगवून घेतली आणि एक नवी खाट मागवली. मी म्हटलं, "अगं, काही कळलं का?"

"काही नाही कळलं, ताई. पण हातांना काहीतरी करायला हवं ना. नाहीतर मी ह्यांचा गळा धरीन."

खाट जिन्यातून वर येत असताना दुसऱ्या मजल्यावरचे बातमीदार खाली उतरत होते. हे एका वर्तमानपत्रात आहेत, माणूस चांगला, पण नाक लांब. जिन्यात अडकलेल्या खाटेला त्यांनी हातभार लावला आणि सासूबाईंना विचारलं, "पाहुणे का, आजी?"

"सुनेची आई यायची आहे," सासूबाई म्हणाल्या.

खरं तर धाकटी म्हणाली होती, आई आली तर. त्यातला 'तर' सासूबाईंच्या वयात ऐकू येत नाही, असं त्या नंतर म्हणाल्या. मला वाटतं तो त्यांना ऐकायचा नव्हता.

धाकटीचं माहेर कुठे आहे, हे सगळ्या इमारतीला माहीत. तिचा नवरा कुठल्या खात्यात आहे, हेही माहीत. बातमीदारांनी एकावर एक ठेवून अकरा केले. तिसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर आलं: पूल उघडणार, मध्यस्थांकडून गुप्त प्रस्ताव, परराष्ट्र खात्यातील अधिकाऱ्याच्या घरी पलीकडच्या नातेवाइकांच्या स्वागताची तयारी.

दुपारपर्यंत वरच्यांनी जाहीर केलं, की आम्ही कुणापुढे झुकलेलो नाही. खालच्यांच्या सभागृहात निषेधाची बाकं वाजली. आमच्या ह्यांनी ऑफिसातून फोन केला. "घरी कोण काय बोललं?"

सासूबाईंनी फोन घेतला. "याबाबत माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

आता गंमत बघा. भावजींनी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. बायकोला नाही, आईला नाही, झोपेत बडबडण्याची सवय असती तर ती त्यांनी आधीच सोडली असती. तरी बातमी फुटली ती त्यांच्याच घरातून, एका खाटेमुळे. आणि खात्यात सगळे त्यांच्याकडेच बघत होते. प्रवक्त्यांनी सांगितलं, "घर तुमचं, खाट तुमची. उत्तरही तुम्हीच द्या." आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडी वाक्यं घालणारा माणूस पहिल्यांदा माईकसमोर उभा राहणार होता.

पेच काय होता, तो मला आमच्या ह्यांनी समजावला. असा काही प्रस्ताव नाही, असं म्हटलं तर दोन्ही देश समजणार, की मध्यस्थांनी हात झटकले. आहे म्हटलं, तर गच्चीला दुसरं कुलूप. आणि नेहमीसारखं काहीच न सांगणारं वाक्य ठोकलं, तर ती बातमी खरीच आहे, असा लोक अर्थ काढणार.

आम्ही सगळ्या टीव्हीसमोर बसलो. धाकटी दाराला टेकून उभी होती.

भावजी आले. त्यांच्या हातात कागद नव्हता. म्हणाले, "माझ्या घरातल्या एका खोलीला रंग दिला आहे आणि एक खाट आणली आहे, हे खरं आहे. माझ्या पत्नीला तिच्या आईची आठवण येते. तिने हे मला विचारून केलेलं नाही. ती सहसा विचारत नाही."

वार्ताहर हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "पण पुलाचं काय?"

"पुलाबद्दल मी घरी बोलत नाही, इथेही बोलणार नाही. खोलीबद्दल विचारा, सांगतो."

"कुठला रंग दिला?"

"फिकट पिवळा. मला निळा हवा होता."

"मग निळा का नाही दिला?"

"माझी सूचना मान्य झाली नाही."

अख्खं सभागृह खो खो हसत होतं. सासूबाई पण हसल्या, आणि मग धाकटीकडे बघून त्यांनी तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी पेपरांत व्यंगचित्रं होती. खालच्यांच्या मंत्र्यांना कुणीतरी छेडलं तेव्हा ते म्हणाले, लोकांच्या सासवांच्या खोल्यांवर आम्ही भाष्य करत नाही. वरच्यांनी तर विषयच सोडून दिला. खाटेबद्दल निषेध कोण नोंदवणार? बातमीदारांची त्यांच्या संपादकांनी चांगलीच हजेरी घेतली, आणि ते आठवडाभर जिन्यात आमच्याशी बोलले नाहीत. वादळ आलं तसं गेलं.

घरातलं मात्र गेलं नव्हतं. भावजी घरी आले तेव्हा धाकटीने ताट वाढलं आणि ती समोर बसली.

"जगाला हसायला माझी आईच सापडली का तुम्हाला?"

भावजींनी पोळीचा तुकडा मोडला.

"मी दुकानात गेले तर दुकानदार विचारतो, निळा का नाही. सगळ्यांना सांगितलंत, की मला आईची आठवण येते. मला कधी विचारलंत का, येते का म्हणून?"

"मला माहीत होतं," भावजी हळूच म्हणाले.

"मग तेवढं तरी घरात बोलायचं."

त्यावर त्यांच्याजवळ उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं; हा फरक आता आम्हाला चेहऱ्यावरून कळतो. ताटातलं सगळं संपवून ते उठले. मीठ कसं होतं ते आम्ही कुणी विचारलं नाही.

आईच्या निघण्याचा दिवस जवळ येत होता. धाकटी अबोला धरून होती, पण तिचं डोकं चालू होतं. एका दुपारी भाजी निवडता निवडता ती एकदम म्हणाली, "ताई, तुम्ही ह्यांना कधी चारचौघांत घरातलं बोलताना ऐकलंय?"

"चारचौघांत कशाला, मी त्यांना दोघांतही नाही ऐकलं."

"तेच म्हणते मी. आमच्या लग्नाला खात्यातल्या कुणाला बोलावलं नाही ह्यांनी. का, तर माहिती पसरते. आणि तोच माणूस अख्ख्या जगाला आमच्या भिंतीचा रंग सांगतो?" तिने हातातली जुडी खाली ठेवली. "पूल उघडणारच नसता, तर ह्यांनी नेहमीचं एक वाक्य फेकलं असतं आणि घरी येऊन शांत झोपले असते. माझ्या रागाला हे फार भितात, ताई. काही जपायचं असल्याशिवाय उगाच नाही ओढवून घेणार."

मी म्हटलं, "आणि तुझा अंदाज चुकला तर? भाऊ परत तिकीट काढेल का?"

"नाही काढणार. तो म्हणालाय तसं." तिने जुडी परत उचलली. "चुकला तर आई तिथे एकटी राहील, आणि ते माझ्यामुळे."

तो फोन मी विसरणार नाही. दरीतले फोन वरचेही ऐकतात आणि खालचेही, असं सगळे म्हणतात. फोन बाहेरच्या खोलीत. भावजी तिथेच पेपर धरून बसलेले.

"आई, तुझे गुडघे कसे आहेत?" धाकटीने विचारलं.

फोनचा आवाज मोठा असल्यामुळे पलीकडचं आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "छान आहेत. परवाच टेकडीवर जाऊन आले."

"नाहीत छान. दुखतायत."

"माझे गुडघे मला कळत नाहीत का?"

"डोंगरातली वाट आहे, आई. एवढ्या दुखऱ्या गुडघ्यांनी कसं जमायचं तुला? डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय ना?"

"कुठल्या डॉक्टरांनी?" आणि मग पलीकडे शांतता झाली. बाई जन्मभर दोन सैन्यांच्या मध्ये राहिलेल्या. त्यांना फार समजावून सांगावं लागलं नाही. "हो गं बाई," त्या म्हणाल्या, आणि आवाज एकदम थकलेला झाला. "काल रात्रीपासून डावा तर उचलवत नाही. तुझ्या भावाला सांग, नाही जमायचं म्हणून. माझ्यावर ओरडेल तो."

"माझ्यावर ओरडू दे."

भावजींनी पेपराचं पान उलटलं. पेपर उलटाच धरलेला होता, हे माझ्या लेकीने नंतर सगळ्यांना सांगितलं.

भाऊ ओरडला. चांगला ओरडला. तिकीट गेलं. नंतरचे आठवडे धाकटीने कसे काढले, ते मी बघत होते. बातम्या लागल्या की ती उठून स्वयंपाकघरात यायची आणि ऐकायची मात्र सगळं. भावजींना तिने एकदाही काही विचारलं नाही. तेही काही बोलले नाहीत. पण रोज संध्याकाळी घरी आल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन, कारण नसताना, थोडा वेळ उभे राहू लागले. कधी पाणी मागायचे, कधी तेही नाही.

पूल उघडला तो गाजावाजा न होता. वरच्यांनी आपल्या लोकांना सांगितलं, आम्ही माणुसकी म्हणून वृद्धांना आणि आजाऱ्यांना वाट देत आहोत. खालच्यांनी आपल्या लोकांना सांगितलं, आम्ही मोठ्या मनाने त्यांना येऊ देत आहोत. दोघांनीही आमच्या देशाचं नाव घेतलं नाही. आमच्या खात्याच्या कागदावर त्या दिवशी दोन ओळी होत्या, की या भागातल्या घडामोडींकडे आमचं लक्ष आहे.

धाकटी आणि मी नाक्यावर गेलो. भावजींना चला म्हटलं तर ते म्हणाले, खात्यातला माणूस तिथे दिसणं योग्य नाही, लोक अर्थ काढतील. बसमधून उतरणाऱ्या म्हाताऱ्यांत एक बाई ताठ चालत येत होत्या. धाकटी त्यांच्याकडे धावली आणि दोघी तिथेच रस्त्यात उभ्या राहिल्या. मागच्या लोकांना वळसा घालून जावं लागलं. कुणी काही म्हटलं नाही.

संध्याकाळी भावजी नेहमीच्या वेळी घरी आले. बूट काढले, हातपाय धुतले आणि बाहेरच्या खोलीत आले. त्यांच्या सासूबाई माझ्या सासूबाईंच्या शेजारी बसल्या होत्या. भावजींनी वाकून नमस्कार केला.

"जावईबापू," त्या अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "तुम्हाला कळलं की नाही? पूल उघडलाय."

धाकटीने माझा हात घट्ट धरला. भावजींनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. या वेळी त्यांना तो बराच वेळ पुसावा लागला.

"असं?" ते म्हणाले. "कधी?"

मग ते खुर्ची पुढे ओढून बसले, आणि त्यांच्या सासूबाईंनी त्यांना सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. भावजी मन लावून ऐकत होते. मधे त्यांनी एकदोन शंकासुद्धा विचारल्या.